चार नवे रिव्हेट आणि ५,६६,९०० रुपये

माझे ५,६६,९०० रुपये गेले आहेत. हा आकडा मी घरी खराखुरा सांगितला तो फसवणूक उघड झाल्यानंतर अकराव्या दिवशी. तोपर्यंत ‘चारेक लाख’ असेच म्हणत होतो. ओझरच्या विमान कारखान्यात मी एकतीस वर्षे नोकरी केली, त्यातली बहुतेक वर्षे तपासणी विभागात गेली, आणि दुसऱ्याने जोडलेल्या पत्र्यातली खोट शोधण्याचाच मला पगार मिळत होता. अशा माणसाला जुनी मोटार विकताना कोणी गंडवावे, हे लिहिताना हात आखडतो. तरीही लिहितो, कारण गंडवणारा अजून मोकळा आहे आणि त्याचा धंदा जोरात चालू आहे, याचा पुरावा गेल्या आठवड्यात माझ्याच दारात येऊन उभा राहिला.

गाडी होती सॅन स्टॉर्म. १९९८ च्या सुमारास गोव्यात तयार होऊ लागलेली ही छोटी स्पोर्ट्स कार पुष्कळांनी पाहिलेलीही नसेल: फायबरग्लासची बॉडी, दोनच दारे, दोनच माणसांची जागा, वर कापडी टप आणि बॉनेटखाली रेनोचे ११४९ सीसीचे, साठ अश्वशक्तीच्या आसपासचे इंजिन. साठ अश्वशक्ती म्हणजे आज काहीच नाही, हे मलाही कळते. परंतु २००१ साली पणजीच्या मांडवी पुलावर टप उघडी टाकून जाणारी एक लाल स्टॉर्म पाहिली, तेव्हापासून ती डोक्यात बसली होती. मुलांची शिक्षणे आणि घराचे हप्ते संपल्यावर माणसाने एक हौस करावी, एवढीच माझी अपेक्षा होती, आणि ती हौस मी कोणाच्या पैशाने केली नाही, हेही सांगून ठेवतो.

नोव्हेंबर २०२४ मध्ये नाशिकमधलीच एक स्टॉर्म विकाऊ असल्याची जाहिरात दिसली. विकणारा पंचेचाळिशीचा, बोलायला मृदू, नोकरीनिमित्त गोव्याहून नाशिकला आल्याचे सांगणारा गृहस्थ होता. गाडी गंगापूर रोडवरच्या एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये असे आणि गाडी ताब्यात मिळेपर्यंतच्या आमच्या सगळ्या भेटी तिथेच झाल्या. सौ. ने पुढे एकच प्रश्न विचारला, ‘‘पाच वेळा गेलात, त्याने एकदा तरी वर चहाला बोलावले का?’’ नव्हते बोलावले. विकणारा घरात पाऊल ठेवू देत नसेल, तर ते घर त्याचे नाही असे समजावे. तो फ्लॅट दोन महिन्यांच्या भाड्याने घेतलेला होता, हे मला वॉचमनकडून कळले, पण तेव्हा फार उशीर झाला होता.

त्याचे कसब असे की तो सगळे खोटे बोलत नसे. सुटे भाग मिळतील का, असे विचारल्यावर तो हसून म्हणाला, ‘‘साहेब, नाशिकमध्ये राहून रेनोच्या पार्टची काळजी करता? लोगन इथेच बनत होती ना?’’ महिंद्र आणि रेनो यांची लोगन २००७ पासून नाशिकच्या कारखान्यात बनत होती, हे खरेच आहे. पण तिची पेट्रोल इंजिने १.४ आणि १.६ लिटरची, वेगळ्या घराण्याची; स्टॉर्मच्या इंजिनाला त्यांचा काडीचा उपयोग नाही. हे मला घरी बसून पाच मिनिटांत शोधता आले असते. आपल्या गावाचे नाव कौतुकाने घेतले की आपण किती लवकर विरघळतो, याचा मला आज राग येतो.

तसेच व्हिंटेजचे. ‘‘पुढे व्हिंटेज नोंदणी करून टाका, कटकटच नको,’’ असे तो म्हणाला आणि मी मान डोलावली. २०२१ च्या नियमांप्रमाणे व्हिंटेज नोंदणी पन्नास वर्षांपेक्षा जुन्या वाहनांना मिळते. २००० सालची गाडी त्यात बसायला २०५० उजाडेल. पंचवीस वर्षांच्या मोटारीला कोणी व्हिंटेज म्हणून गळ्यात मारत असेल, तर तिथूनच मागे फिरावे. ऑनलाइन तपासणीत गाडीची माहिती दिसेना, तेव्हा ‘जुन्या नोंदी संगणकावर चढवलेल्या नाहीत’ हे त्याचे उत्तरही अर्धे खरेच होते, कारण जुन्या वाहनांच्या बाबतीत असे खरोखरच होते. पण नोंद दिसत नसेल तर आधी विकणाऱ्याने ती मूळ कार्यालयात चढवून आणावी आणि मगच पैशाचे बोलावे.

आता त्या क्षणाविषयी सांगतो, कारण झोप उडते ती त्याच्यामुळे. दुसऱ्या भेटीत मी बॉनेट उघडून चासी नंबरचा पत्रा पाहिला. पत्रा जुना होता, अक्षरांच्या खाचांत काळपट मळ बसला होता, आणि चार कोपऱ्यांतले चार रिव्हेट मात्र कालच मारल्यासारखे पांढरेशुभ्र होते. त्यांतला उजवीकडचा खालचा किंचित तिरका बसला होता आणि त्याच्या डोक्याखाली नखाची कड जाईल एवढी फट होती. पत्र्याच्या खालच्या कडेबाहेर एक जुने भोक अर्धवट डोकावत होते, म्हणजे तिथे आधी दुसऱ्या मापाचे काहीतरी बसवलेले होते. रिव्हेटला आमच्याकडे कामगार ‘रिबिट’ म्हणत, आणि असा रिबिट पंखावर दिसला असता तर मी लाल खडूने गोल करून अख्खे काम परत पाठवले असते. इथे मी काय केले? खिशातला रुमाल काढला, पत्रा पुसला, नंबर आरसीवरच्या नंबराशी ताडून पाहिला आणि तो शेवटच्या अंकापर्यंत जुळला म्हणून समाधानाने बॉनेट लावले. जुळणारच होता, पत्रा आणि कागद एकाच गाडीचे होते, फक्त ती गाडी ही नव्हती.

मला दिसले नाही, असे म्हणायची सोय नाही. दिसले होते. ‘रंगकामाच्या वेळी पत्रा काढून पुन्हा बसवला असेल,’ हे स्पष्टीकरण त्या माणसाने दिलेसुद्धा नाही. ते मीच त्याच्या वतीने मनातल्या मनात तयार केले. सांगाड्याच्या लोखंडावर कोरलेला नंबर कुठे आहे, एवढे मात्र मी विचारले होते. तो म्हणाला, गंज येऊ नये म्हणून खालून जाड लेप दिलाय, त्याच्याखाली आहे. तो लेप तिथल्या तिथे खरवडायला लावा. रॉकेलमध्ये बुडवलेले फडके आणि पितळी ब्रश एवढे पुरे होते, आणि दोन्ही माझ्या घरी होते.

पैशाचा हिशेब असा. ठरलेली किंमत ४,७५,००० रुपये. त्यातला ५१,००० रुपयांचा विसार मोबाइलवरून दिला, ३,००,००० बँकेतून पाठवले आणि १,२४,००० रोख दिले. रोखीची पावती घेतली नाही; ‘आपल्यात पावती कसली’ हे वाक्य त्याचे नसून माझे होते. गोव्याहून ना हरकत दाखला आणण्यासाठी आणि नावावर करण्याच्या खर्चासाठी म्हणून ३८,५००, नव्या कापडी टपासाठी २२,००० (टप आजतागायत आली नाही), आणि गॅरेजमध्ये ब्रेक, क्लच व चार टायर यांवर मी स्वतः घातलेले ३१,४००. बँकेतले तीन लाख ज्या खात्यात गेले ते एका बाईच्या नावाचे होते. ‘मिसेसचे खाते आहे,’ असे तो म्हणाला होता. आरसीवर ज्याचे नाव आहे त्याच्याच खात्यात पैसे टाका. मिसेस, मेहुणा, भागीदार यांच्या खात्यात रुपयाही टाकू नका.

तीन आठवडे मात्र मी सुखात होतो, हे कबूल केले नाही तर हा वृत्तांत अप्रामाणिक होईल. डिसेंबरच्या पहाटे टप उघडी ठेवून, मफलर गुंडाळून, अंजनेरी डावीकडे ठेवत त्र्यंबकच्या रस्त्याने जाताना इंजिनाचा आवाज थेट कानात शिरत असे आणि बूड रस्त्यापासून वीतभरच वर आहे असे वाटे. परत येताना सिग्नलला रिक्षावाले विचारत, ‘‘काका, ही कुठली इंपोर्टेड?’’ आणि मी अभिमानाने सांगे, ‘‘आपली गोव्याची.’’

मग गाडी नाशिकच्या क्रमांकावर आणण्यासाठी तपासणीला नेली. निरीक्षकाने सांगाड्यावरचा लेप खरवडायला लावला, कागद ठेवून पेन्सिल घासली आणि चासी नंबरचा ठसा घेतला. कागदावर आरसीपेक्षा निराळाच नंबर उमटला, त्याचेही मधले तीन अंक कानशीने घासलेले. ‘‘साहेब, ही गाडी या कागदांची नाही,’’ असे तो शांतपणे म्हणाला. सगळ्या प्रकरणात खरे बोलणारा तो एकटा सरकारी माणूस. ना हरकत दाखल्यावरचा शिक्काही खोटा निघाला. पुढे पुण्यातल्या एका स्टॉर्मवाल्याशी बोललो, तर त्या कागदांवरची मूळ गाडी अपघातानंतर भंगारात कापली गेल्याचे त्याने सांगितले. फायबरची बॉडी काढून दुसऱ्या सांगाड्यावर चढवता येते, ती गंजत नाही, आणि लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) शोधायला आपण लोहचुंबक फिरवतो तो तिथे कामाचाच नाही. बोटाच्या पेराने ठोकून आवाज ऐका आणि आतल्या बाजूने नवे फायबर कुठे चिकटवले आहे ते टॉर्च मारून बघा. वाहन चोरीचे आहे का, याची एनसीआरबीच्या (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या) नोंदीवरून तपासणी करता येते. मी ती तपासणी पैसे गेल्यानंतर केली.

यानंतर जे सुरू झाले त्यापुढे ती फसवणूक सौम्य वाटावी. पहिल्या पोलीस ठाण्यात सांगितले की मी राहतो त्या हद्दीत जा. त्या हद्दीतल्यांनी सांगितले की व्यवहार जिथे झाला तिथे जा, म्हणजे पुन्हा पहिल्याच ठाण्यात. तिथे तिसऱ्या दिवशी एका अधिकाऱ्याने अर्ज वाचला आणि विचारले, ‘‘गाडी तुमच्या ताब्यात आहे ना? मग फसवणूक कुठे झाली? हे दिवाणी स्वरूपाचे आहे.’’ खोटा नंबर, खोटा शिक्का आणि परक्या नावाचे खाते यांत दिवाणी काय आहे, असे मी विचारले, तर ‘‘शिकलेले दिसता, मग रोख कशाला दिले?’’ हा उलट सवाल आला. सायबर फसवणुकीच्या तक्रारींसाठी असलेल्या १९३० या क्रमांकावर फोन केला, तर समोरासमोर भेटून झालेला व्यवहार सायबरमध्ये येत नाही, असे ऐकवले. बँकेने सांगितले की पोलिसांचे पत्र आणा, मग खातेदाराची माहिती देऊ. पोलिसांनी सांगितले की आधी बँकेकडून माहिती आणा, मग पत्र देऊ. या दोन वाक्यांच्या मध्ये मी सतरा फेऱ्या घातल्या, आणि त्यातल्या नऊ वेळा माझ्या अर्जाची आवक-नोंद सापडत नव्हती. एकदा गाडी पाहायला एक हवालदार घरी आले, पंचनामा करतील म्हणून मी कागद, पेन, खुर्ची असे सगळे मांडून बसलो. त्यांनी गाडीत बसून स्टिअरिंग धरले, मला फोटो काढायला लावला आणि साहेब आले की कळवतो म्हणून निघून गेले. शेवटी मलाच सांगण्यात आले की गाडी संशयास्पद असल्यामुळे ती जमा करावी लागेल. म्हणजे चोर गावभर हिंडणार आणि तक्रारदाराची गाडी ठाण्याच्या आवारात उन्हात कुजणार.

भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ फसवणुकीसाठीच आहे, आणि नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कोणतीही असली तरी गुन्हा नोंदवून घ्यावा लागतो. हे मी आता पाठ म्हणून दाखवू शकतो. ठाण्यात नोंद होत नसेल तर वरिष्ठांना टपालाने लेखी तक्रार पाठवा, पोचपावती जपून ठेवा, आणि मग कलम १७५ खाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करा. तोंडी आश्वासनावर एक दिवसही घालवू नका. मी चौपन्न घालवले. माझा अर्ज आता न्यायालयात आहे.

गेल्या आठवड्यात रविवारी कोपरगावचा एक तरुण आमच्या इमारतीखाली येऊन उभा राहिला. त्याच्या मोबाइलमध्ये जाहिरात होती: लाल स्टॉर्म, ४,९०,००० रुपये. फोटो माझ्या पार्किंगमधला होता. गाडी ताब्यात दिली त्या दिवशी विकणाऱ्याने ‘आठवण म्हणून’ काढला होता. गाडीच्या मागे माझी स्कूटर आणि भिंतीवर सोसायटीच्या नावाची पाटी स्पष्ट दिसत होती. त्या पाटीवरून पत्ता काढत तो पोरगा आला होता, कारण विसाराचे २५,००० दिल्यापासून विकणारा फोन उचलत नव्हता. मी त्याला काही समजावत बसलो नाही. बॉनेट उघडले, टॉर्च मारला आणि ते चार रिव्हेट दाखवले. मग त्याला घेऊन ठाण्यात गेलो, म्हटले आता तरी दोन तक्रारदार झाले. तिथे त्याला सांगण्यात आले की पैसे कोपरगावातून पाठवले असल्यामुळे त्याने तक्रार कोपरगावला करावी.