आधी मेंदूचा व्यायाम, मग शरीराचा. की दोन्ही एकदम?

विस्मरणाची सुरुवात झालेल्या आजी-आजोबांना दोन्ही व्यायाम हवेत, प्रश्न क्रमाचा आहे.

एकामागून एक करण्याला भक्कम आधार आहे तो कॅनडातल्या ‘सिनर्जिक’ चाचणीचा (२०२३). सौम्य बौद्धिक ऱ्हास (म्हणजे विस्मरणाची सुरुवात) असलेले ६० ते ८५ वयाचे १७५ जण, २० आठवडे, आठवड्यातून तीनदा. काही गटांना आधी संगणकावर स्मृतीचे खेळ, मग दमश्वासाचे आणि स्नायूंचे व्यायाम. दोन्ही करणाऱ्यांची विचारशक्ती सुधारली. काहींना ‘ड’ जीवनसत्त्वही दिलं होतं, त्याने मात्र काही भर पडली नाही.

एकदम म्हणजे चालता चालता शंभरातून सात-सात वजा करणं, भाज्यांची नावं घेणं. वेळ वाचतो, आणि बाजारात आपण बोलत बोलतच चालतो, तोही सराव होतो. पण धोका इथेच आहे. स्वीडनमधल्या १९९७च्या अभ्यासात, बोलायला लागताच चालायचे थांबणारे ज्येष्ठ पुढे जास्त पडले. घरी बघा: बाबांच्या शेजारून चालताना विचारा, “काल भाजी कुठली होती हो?” पाऊल थबकलं, तर चालताना हिशेब नकोच.

मी पहिलीच पद्धत निवडेन. एकदम करायचंच, तर त्यांना स्थिर सायकलवर बसवा आणि गाण्यांच्या भेंड्या लावा. जवळ कुणीतरी हवंच.