बाल न्याय मंडळ की बाल कल्याण समिती : सदस्यपदासाठी अर्ज कुठे करावा?

महिला व बाल विकास विभागाची सदस्य नेमणुकीची जाहिरात निघाली की मुलांसाठी वर्षानुवर्षे काम केलेली बरीच मंडळी मंडळ आणि समिती अशा दोन्हीकडे अर्ज टाकून मोकळी होतात आणि जिथे नाव लागेल तिथे जाऊ असे म्हणतात. दोन्हीकडे मुदत जास्तीत जास्त तीन वर्षांची, दोन्हीकडे पगार नसून बैठकीमागे भत्ता, आणि निवड निवृत्त उच्च न्यायालय न्यायमूर्तींच्या अध्यक्षतेखालील निवड समितीमार्फत होणारी. त्यामुळे ही एकाच कामाची दोन नावे असावीत असा समज होणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात या दोन खुर्च्यांवर बसण्यासाठी लागणारा स्वभाव वेगवेगळा आहे.

सर्वांत आधी पात्रता पाहावी, कारण अनेकांचा निर्णय तिथेच होतो. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, 2015 नुसार बाल न्याय मंडळाच्या समाजसेवक सदस्याने मुलांच्या आरोग्य, शिक्षण किंवा कल्याणाच्या क्षेत्रात किमान सात वर्षे प्रत्यक्ष काम केलेले असावे, किंवा बाल मानसशास्त्र, मनोविकारशास्त्र, समाजशास्त्र अथवा कायदा यांतील पदवी घेऊन तो व्यवसाय करणारा असावा. बाल कल्याण समितीची अटही पूर्वी साधारण याच वळणाची होती. मात्र 2021 मध्ये झालेल्या आणि 1 सप्टेंबर 2022 पासून लागू झालेल्या दुरुस्तीने ती अधिक कडक केली असून, आता अनुभवाच्या बळावर अर्ज करणाऱ्याला सात वर्षांच्या अनुभवाच्या जोडीला समाजकार्य, कायदा, शिक्षण, मानव विकास, विशेष शिक्षण अशा ठरावीक विषयांपैकी एकातील पदवीही लागते. म्हणजे पंधरा वर्षे वस्तीत बालवाडी चालवणाऱ्या, पण वाणिज्य शाखेची पदवी असलेल्या ताईंना अधिनियमाच्या भाषेप्रमाणे मंडळाचे दार उघडे राहते आणि समितीचे बंद होते. शिवाय जिल्ह्यातील एखाद्या बालगृहाच्या व्यवस्थापनात जी व्यक्ती आहे, तिला आता समितीवर घेता येत नाही. संस्थेच्या विश्वस्तांपैकी अनेकांच्या हे लक्षातच येत नाही, आणि अर्ज छाननीत बाद झाला की वशिल्याचा संशय घेतला जातो.

दोघांच्या कामाची मूळ विभागणी सर्वांना ठाऊक असते. गुन्हा केल्याचा आरोप असलेले, म्हणजे विधिसंघर्षग्रस्त बालक मंडळापुढे येते, आणि अनाथ, सोडून दिलेले, पळून आलेले, कामावरून सोडवलेले किंवा अत्याचार झालेले, म्हणजे काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक समितीपुढे येते. दोघांनाही चोवीस तासांच्या आत हजर करायचे असते. ही रेषा कागदावर जितकी ठळक दिसते तितकी ती मुलांच्या आयुष्यात नसते. रेल्वे स्थानकावर मोबाइल चोरताना सापडलेला चौदा वर्षांचा मुलगा बहुतेक वेळा घरातून पळालेलाही असतो, आणि म्हणूनच असे प्रकरण कोणत्याही टप्प्यावर समितीकडे पाठवण्याचा अधिकार कायद्याने मंडळाला दिला आहे. हा अधिकार वापरायचा आठवण करून देणारा सदस्य मंडळावर असणे हीच त्या पदाची अर्धी किंमत आहे, असे माझे मत आहे.

आता रचना पाहू. मंडळात तीन जण असतात: किमान तीन वर्षांचा अनुभव असलेले प्रमुख न्यायदंडाधिकारी आणि दोन समाजसेवक, ज्यांपैकी किमान एक महिला. अंतिम निकालाच्या वेळी प्रमुख न्यायदंडाधिकाऱ्यांसह किमान दोघांनी हजर असावे लागते. मतभेद झाल्यास बहुमत चालते, आणि बहुमत होत नसेल तर न्यायदंडाधिकाऱ्यांचे मत ग्राह्य धरले जाते. याचा अर्थ असा की दोन्ही समाजसेवक हजर आणि एकमताचे असतील तर ते न्यायदंडाधिकाऱ्यांच्या विरुद्ध निर्णय देऊ शकतात, पण एक सदस्य गैरहजर असेल तर उरलेल्याच्या वेगळ्या मताला वजन राहत नाही. समितीत अध्यक्ष आणि चार सदस्य असतात, आणि न्यायाधीश कोणीही नसतो. तरीही समितीला न्यायदंडाधिकाऱ्याचेच अधिकार आहेत आणि अंतिम आदेशासाठी किमान तिघे हजर लागतात.

कायद्याची पार्श्वभूमी नसलेले अर्जदार मंडळाला बिचकतात आणि समिती त्या मानाने सोपी समजतात. मला हे उलटे वाटते. मंडळावर तुमच्या शेजारी रोज पुरावा आणि प्रक्रिया हाताळणारी व्यक्ती बसलेली असते, त्यामुळे आदेशाची भाषा चुकली तर ती तिथेच सुधारली जाते. समितीवर मात्र एखादे बाळ कोणाकडे राहील हे पाच बिगर-न्यायाधीश ठरवतात, त्यांनीच कारणे लिहायची असतात आणि त्याखाली सहीही त्यांचीच असते.

मंडळाचे काम नियमांनुसार न्यायालयाच्या आवारात चालत नाही, ते निरीक्षणगृहात, म्हणजे चौकशी चालू असलेल्या मुलांना ठेवतात त्या गृहात, किंवा त्याच्या जवळच्या जागेत चालते. तिथे उंच चौथरा नसतो, साक्षीदाराचा पिंजरा नसतो, सदस्य मुलाच्याच पातळीवर बसतात आणि मुलाला घेऊन येणारा पोलीस साध्या कपड्यांत असावा लागतो. टेबलाच्या पलीकडे बसलेला मुलगा नजर खाली ठेवून चप्पल फरशीवर घासत असतो, आई दाराशी आधारकार्डाची झेरॉक्स घडी घालून धरून उभी असते, आणि मुलाच्या घरची माहिती काढणाऱ्या परिविक्षा अधिकाऱ्याच्या सामाजिक तपासणी अहवालात "घरची परिस्थिती बेताची" एवढीच ओळ असते. त्या एका ओळीमागे काय आहे हे विचारणे समाजसेवक सदस्याचे काम आहे. चौकशी चार महिन्यांत, मुदतवाढ धरून सहा महिन्यांत संपवायची असते. किरकोळ गुन्ह्याची चौकशी तोवर पूर्ण झाली नाही तर ते प्रकरण तिथेच संपते.

मंडळाच्या पदाची खरी कसोटी दोन ठिकाणी लागते. पहिली सुट्टीच्या दिवशी. मंडळ बसलेले नसेल तेव्हा मुलाला एकट्या सदस्यासमोर हजर करता येते. पुण्यात कल्याणीनगरच्या मोटार अपघातात दोघांचा जीव गेला तो दिवस, 19 मे 2024, रविवार होता. गाडी चालवल्याचा आरोप असलेल्या अल्पवयीन मुलाला एका सदस्याने त्या दिवशी दिलेला जामिनाचा आदेश, त्यातील 300 शब्दांच्या निबंधाच्या अटीमुळे देशभर गाजला, आणि त्याच वर्षी राज्य सरकारने त्या मंडळाच्या दोन्ही बिगर-न्यायिक सदस्यांच्या नेमणुका रद्द केल्या. त्या आदेशाच्या गुणदोषांत मी इथे शिरत नाही. अर्जदाराने एवढेच लक्षात घ्यावे की रविवारी दुपारी घरात बसून एकट्याने लिहिलेल्या चार ओळींचीही कारणमीमांसा पुढे द्यावी लागते.

दुसरी कसोटी प्राथमिक मूल्यांकनाची. सोळा वर्षे पूर्ण झालेल्या मुलावर घृणास्पद गुन्ह्याचा, म्हणजे किमान सात वर्षे शिक्षेच्या गुन्ह्याचा आरोप असेल, तर त्याची मानसिक व शारीरिक क्षमता, परिणामांची समज आणि घटनेची परिस्थिती तपासून त्याचा खटला प्रौढासारखा चालावा का, हे मंडळाने ठरवायचे असते. मंडळावर बाल मानसशास्त्र किंवा मनोविकारशास्त्राचा व्यावसायिक नसेल तर तज्ज्ञाची मदत घेणे बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये स्पष्ट केले. त्यामुळे या विषयातील व्यावसायिकांनी, दुसरी काही अडचण नसेल तर, मंडळालाच प्राधान्य द्यावे. तिथे त्यांची उणीव सर्वांत जास्त भासते.

समितीचे काम पसरट आहे. बालविवाह थांबवून आणलेली मुलगी, वीटभट्टीवरून सोडवलेली भावंडे, लैंगिक अत्याचारानंतर ज्या घरात आरोपी राहतो तिथे परत पाठवता न येणारे मूल, हे सगळे एकाच दिवसाच्या यादीत असू शकतात. महाराष्ट्रात यात मुलांच्या सांभाळासाठी आर्थिक मदत देणाऱ्या बाल संगोपन योजनेची भर पडते. एक पालक गमावलेल्या मुलांचे अर्ज समितीच्या आदेशाशिवाय पुढे सरकत नाहीत, आणि करोनानंतर या फायलींचे गठ्ठे वाढले आहेत. ज्यांना कागद बघून कंटाळा येतो त्यांनी हे आधीच मनाशी धरावे.

त्या गठ्ठ्यात अधूनमधून समर्पणाचे प्रकरण येते. बाळ सांभाळू न शकणारी आई समितीसमोर समर्पणपत्रावर सही करते आणि कायदा तिला फेरविचारासाठी 60 दिवस देतो. ते दिवस केवळ मोजून काढायचे नसतात. तिच्यावर घरच्यांचा दबाव आहे का आणि थोडी मदत मिळाली तर बाळ तिच्याकडेच राहील का, हे त्याच मुदतीत समजून घ्यावे लागते. दुसरीकडे सोडून दिलेल्या बाळाच्या बाबतीत दिरंगाई हाच अन्याय ठरतो: दोन वर्षांपर्यंतच्या बालकाला दोन महिन्यांत आणि त्याहून मोठ्याला चार महिन्यांत दत्तकासाठी वैधानिकदृष्ट्या मुक्त घोषित करायचे असते. घाई केली तर आई हरवते, उशीर केला तर बाळ संस्थेतच वाढते. हे दोन्ही ताण एकाच सहीत पेलता येतील का, हा प्रश्न अर्जदाराने स्वतःला विचारावा.

वेळेचा हिशेब सर्वांत शेवटी केला जातो, तो आधी करावा. समितीला महिन्यातून किमान वीस दिवस बसावे लागते आणि निवासी संस्थांना किमान दोन भेटी द्याव्या लागतात. बालगृहाची भेट बैठक म्हणून धरली जाते, एवढाच दिलासा. मंडळाने नियमांप्रमाणे कामाच्या सर्व दिवशी किमान सहा तास बसणे अपेक्षित आहे, प्रकरणे कमी असतील तर भाग वेगळा, आणि संस्थेची पाहणी महिन्यातून एकदा करायची असते. सबळ कारणाशिवाय सलग तीन महिने गैरहजर राहिल्यास, किंवा वर्षाच्या तीन-चतुर्थांश बैठकांना हजेरी न लागल्यास, दोन्हीकडे सदस्यत्व जाऊ शकते. वकिली किंवा दवाखाना चालू ठेवून "जमेल तसे येईन" म्हणणाऱ्यांना मोठ्या शहरात हे झेपत नाही. प्रकरणे कमी असलेल्या जिल्ह्यातील मंडळ त्यांच्या सोयीचे, तर ज्यांनी नोकरीतून निवृत्ती घेतली आहे किंवा ज्यांच्या घरचा खर्च या भत्त्यावर अवलंबून नाही, अशा समाजकार्य व शिक्षण क्षेत्रातील लोकांनी निःशंकपणे समितीसाठी अर्ज करावा.