बिझनेस फ्रॅटर्निटी: चार सेमिस्टर वापरल्यानंतर

मंगळवारी रात्री फ्रॅटर्निटीची मेल आली. रविवारच्या चॅप्टर (म्हणजे शाखा) मीटिंगला विनापरवानगी गैरहजर, दुसरी वेळ, दंड १५ डॉलर, शुक्रवारपर्यंत भरावा. खाली हसरा चेहरा आणि ‘यू आर द बेस्ट, ब्रदर!’

त्या रविवारी संध्याकाळी पाच ते नऊ मी डायनिंग हॉलच्या डिशरूममध्ये कामावर होते. रविवारी नाचोज असतात. वाळलेलं चीज पिठल्यासारखं ताटाला धरतं, फवाऱ्याने हलत नाही, नखाने खरवडावं लागतं. तर नखात चीज असलेल्या अवस्थेत मी माझ्या बांधवांचा विश्वासघात करत होते, हे मला मंगळवारी कळलं. म्हणून हे लिहायला बसले. दोन वर्षं लिहीन लिहीन म्हणत होते.

फ्रॅटर्निटी म्हणजे वर्गणी भरून चालणारी विद्यार्थ्यांची संघटना, आमची बिझनेसवाल्यांची. रश म्हणजे तिची भरती, आणि प्लेज म्हणजे पक्का सदस्य होण्याआधीचा उमेदवार. ही बिअरच्या पिंपांची आणि मोठ्या बंगल्याची भानगड नव्हे. आम्हाला बंगला नाही. दर रविवारी विद्यापीठाची एक खोली मिळते आणि तिथला प्रोजेक्टर तीनदा चालू करावा लागतो. मी अमेरिकेच्या मिडवेस्टमधल्या एका मोठ्या सरकारी विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला, एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर. घर नाशिकला. पहिल्या वर्षाच्या दुसऱ्या सेमिस्टरला घुसले. रशला सव्वाशेच्या आसपास पोरं होती, घेतली चोवीस. त्यात नाव आलं तेव्हा मी इतकी हरखले होते की फी किती ते नीट वाचलंच नाही. माझ्याकडून असं आयुष्यात क्वचित होतं.

मी मुलगी असले तरी ‘ब्रदर’च. आमच्याकडे सगळेच ब्रदर. मोठ्या बिझनेस फ्रॅटर्निटी मुळात फक्त मुलग्यांच्या होत्या. डेल्टा सिग्मा पायने १९७५ मध्ये मुलींना घेतलं, अल्फा कप्पा सायने १९७६ मध्ये. नाव मात्र बदललं नाही. बाबांना याचं काही वाटलं नाही. त्यांचा एकच प्रश्न: रॅगिंग आहे का? महाराष्ट्रात १९९९ पासून कायदा आहे, इथे देशभराचा कायदा डिसेंबर २०२४ मध्ये आला. माझ्यापुरतं सांगायचं तर रॅगिंग नव्हतं. आठ आठवडे झोप नव्हती, ती वेगळी गोष्ट.

प्लेजच्या काळात एक वही देतात. चाळीस ब्रदर्सना एकेकटं भेटायचं, गप्पा मारायच्या, वहीत सही घ्यायची. भेट अर्थातच कॉफीच्या दुकानात. लाटे पावणेपाच डॉलरला. चाळीस गुणिले पावणेपाच म्हणजे १९० डॉलर, म्हणजे ८५ च्या भावाने सोळा हजार रुपये, फक्त सह्यांसाठी. मी पहिल्या तीन भेटींत हा मूर्खपणा केला. चौथ्या भेटीपासून थर्मासमध्ये आल्याचा चहा आणि दोन स्टीलचे पेले घेऊन लायब्ररीच्या पायऱ्यांवर बसायला लागले. ‘इट्स अ कल्चरल थिंग’ असं सांगायचे. कोणी हरकत घेतली नाही. उलट एक सीनियर दुसऱ्यांदा आला, सही आधीच झालेली असताना, नुसता चहाला. त्याच्याबद्दल पुढे लिहिते.

त्याच वहीच्या मागे या प्रकाराचा इतिहास होता, तोंडी परीक्षेसाठी पाठ करायला. त्यातलं एक पान माझ्या डोक्यातून जात नाही. १९०४, न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीची कॉमर्स शाळा, वर्ग संध्याकाळचे, दिवसा नोकरी करून शिकणारे विद्यार्थी. त्यातले चार जण ब्रुकलिनचे. रात्री वर्ग सुटला की ब्रुकलिन ब्रिजवरून बोलत बोलत घरी चालत जायचे. त्या चौघांच्या आणि त्यांच्या सहा मित्रांच्या डोक्यातून अल्फा कप्पा साय निघाली. तीन वर्षांनी, १९०७ मध्ये, त्याच शाळेत डेल्टा सिग्मा पाय. आमची संस्था या दोन्हींतली नाही, पण वंशावळ सगळे तिथूनच सांगतात. आणि प्लेजला ही गोष्ट सांगताना प्रत्येकाचा आवाज कीर्तनकारासारखा हळवा होतो.

म्हणजे मुळात हा सगळा प्रकार दिवसभर राबून रात्री शिकणाऱ्यांनी काढला. आणि एकशेवीस वर्षांनी मला दंड कशाचा? कामावर गेले म्हणून.

आता पॉइंट्स शीट. यावर मी जास्त लिहिणार आहे, कंटाळा आला तर खाली सरका.

एक सामाईक शीट असते. साठ नावं, प्रत्येकापुढे रंग: हिरवा, पिवळा, लाल. सेमिस्टरला शंभर पॉइंट हवेत. कंपनीच्या माणसाचं भाषण ऐकलं, पाच. समाजसेवा, चार. बोलिंगला गेलात, तीन, कारण त्याने बंधुभाव वाढतो. बोलिंगच्या भाड्याच्या बुटांचे चार डॉलर वेगळे. रविवारची मीटिंग सात ते साडेआठ, सक्तीची. गैरहजेरी माफ कधी? आजारपण, परीक्षा, धार्मिक सण, घरातलं दुःखद कारण आणि इंटर्नशिप. इथे थांबा. इंटर्नशिपचं काम असेल तर माफ. कॅम्पसवरची नोकरी असेल तर नाही. एखाद्या कंपनीत एसीत बसून एक्सेल भरत असाल तर ते ‘प्रोफेशनल कमिटमेंट’, आणि ताटं धूत असाल तर तुमचं नियोजन चुकलं.

वेगळी परवानगी नसेल तर एफ-१ वाल्यांना सेमिस्टर चालू असताना कॅम्पसवरच काम करता येतं, तेही आठवड्याला जास्तीत जास्त वीस तास. बाहेर पिझ्झा पोचवायला गेलो तर व्हिसा धोक्यात. डिशरूमच्या चांगल्या शिफ्टा जुन्या लोकांकडे, मला मिळाली रविवार संध्याकाळ. तासाला १३, चार तासांचे ५२ डॉलर. अर्धी शिफ्ट नसते. म्हणजे दीड तासाची मीटिंग मला ५२ डॉलरला पडते. आतापर्यंत असे वीसेक रविवार सोडले, ते झाले १०४०. प्लेज सेमिस्टरचे २२५, पुढची तीन सेमिस्टर १४० प्रमाणे ४२०. काळा ब्लेझर गुडविल या जुन्या कपड्यांच्या दुकानातून ९ डॉलरला, बाह्या मी स्वतः आत घेतल्या. एकूण १६९४ डॉलर, त्याच ८५ च्या भावाने साधारण एक लाख चव्वेचाळीस हजार रुपये. बाबांना मी फक्त वर्गणीचा आकडा सांगितला आहे.

मी हा हिशेब ट्रेझररला दाखवला होता. पोरगा चांगला आहे. तो म्हणाला, पण बुडालेला पगार हा खर्च कसा? फायनान्सचा विद्यार्थी आहे, ऑपॉर्च्युनिटी कॉस्टच्या (एक निवडताना हुकलेल्या दुसऱ्या फायद्याची किंमत) प्रश्नात त्याला पूर्ण मार्क मिळाले असणार.

एक गोष्ट कबूल करायला हवी. अकरावी-बारावीत मी नाशिकला ढोल पथकात ताशा वाजवायचे. गणपतीच्या आधी दोन महिने रोज सराव, हाताला फोड, हजेरी कमी पडली तर मिरवणुकीतून नाव कट. एकही रुपया मिळत नव्हता आणि मी कधी तासांचा हिशेब मांडला नाही. दंड असता तर हसत भरला असता. मग इथेच माझ्यात वाणी का जागा होतो? कारण तिथून घरी आलं की आई गरम पोळी वाढायची. मीटिंगवरून खोलीवर आलं की कोणी काही वाढत नाही, आणि शिफ्टवर न गेल्यामुळे डायनिंग हॉलचं फुकटचं जेवणही गेलेलं असतं. (ते मी वरच्या हिशेबात धरलं नव्हतं. आता धरा.)

इथपर्यंत मंगळवारी रात्री रागात लिहिलं. आज गुरुवार. राग आहेच, पण काही गोष्टी लिहिल्या नाहीत तर ते लबाडीचं होईल.

पहिली गोष्ट, चहावाला सीनियर. हैदराबादचा. दुसऱ्या चहाला त्याने विचारलं, मेजर, म्हणजे मुख्य विषय, काय? फायनान्स. तो पायऱ्यांवर सरळ होऊन बसला. म्हणाला, आपल्या विद्यापीठात त्या डिग्रीचा कोड स्टेममध्ये (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनीअरिंग, गणित यांच्या सरकारी यादीत) येत नाही, हे माहीत आहे का? मला कोड नावाचा प्रकार असतो हेच माहीत नव्हतं. शिक्षण संपलं की ओपीटीवर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच मिळणाऱ्या कामाच्या परवानगीवर, बारा महिने काम करता येतं. डिग्री स्टेमच्या यादीतली असेल तर आणखी चोवीस, म्हणजे एकूण तीन वर्षं, आणि तितक्या वर्षांत एच-१बी या नोकरीच्या व्हिसाच्या लॉटरीत कंपनीला आपलं नाव पुन्हा पुन्हा टाकता येतं. त्याच बिझनेस स्कूलमध्ये मॅनेजमेंट सायन्स हा मेजर त्या यादीत होता. पहिलं वर्ष असल्यामुळे मला एकच जास्तीचा स्टॅटिस्टिक्सचा कोर्स घेऊन बदलता आलं. तिसऱ्या वर्षी कळलं असतं तर एक सेमिस्टर वाढलं असतं, आणि आमच्यासारख्यांना एका सेमिस्टरची फी म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांच्या ऑफिसने ही माहिती दिली नसती का? दिली असती, विचारली असती तर. काय विचारायचं हेच कळत नसतं, तिथे ओळखीचा माणूस लागतो. पायऱ्यांवर चहा पिणारा.

दुसरी गोष्ट रेझ्युमेची. दुसऱ्या सेमिस्टरला मॉक इंटरव्ह्यू असतात. माझा घेणारी मुलगी पेन घेऊन बसली आणि मी बोलत असताना रेघा मारत राहिली. संपल्यावर कागद वळवला. मी ‘जस्ट’ अकरा वेळा म्हटलं होतं आणि ‘वी’ चौदा वेळा. ‘मी’ जवळजवळ नाहीच. आपल्याकडे ‘मी केलं’ म्हणणाऱ्याला आगाऊ म्हणतात हे तिला कसं समजावणार? मग तिने विचारलं, नोकरी करतेस का? डिशरूम रेझ्युमेवर नव्हतं, मला लाज वाटत होती. तिने तिथेच लिहायला लावलं: शिफ्टला किती ताटं, किती जणांची टीम, नव्या मुलांना कोण शिकवतं. नवी मुलं मीच शिकवत होते. ताटांच्या रॅकचा क्रम बदलून आम्ही शिफ्ट वीस मिनिटं आधी संपवायला लागलो होतो, ते मीच सुचवलं होतं. तेही लिहिलं. ‘आम्ही’ खोडून ‘मी’.

यंदा सप्लाय चेनच्या एका इंटर्नशिपच्या मुलाखतीत समोरच्या बाईंनी माझा जीपीए, केस कॉम्पिटिशन, फ्रॅटर्निटी, काहीच विचारलं नाही. दहा मिनिटं त्या रॅकबद्दल विचारत राहिल्या. तुंबायचं कुठे, मोजलं कसं, बाकीचे ऐकले का. ऑफर आली. येत्या उन्हाळ्यात जायचं आहे.

म्हणजे ज्या कामाला या लोकांच्या शीटमध्ये शून्य पॉइंट आहेत, ते काम कसं सांगायचं हे मला याच लोकांनी शिकवलं. आता यावर चिडू की हसू?

जाहिरातीत ज्याचा गवगवा असतो ते ‘नेटवर्क’ मात्र माझ्यासारखीला निम्मंच चालतं. कंपन्यांचे लोक येतात, पिझ्झा ठेवतात, छान बोलतात, माजी ब्रदर असले तर जास्तच. मग फॉर्म उघडला की प्रश्न येतो: आता किंवा पुढे कधी व्हिसासाठी कंपनीची स्पॉन्सरशिप लागेल का? हो म्हटलं की पुष्कळ ठिकाणी तिथेच खेळ खलास. शेजारी बसलेल्या ब्रदरला तोच पिझ्झा खाऊन मुलाखत मिळते. आता मी भाषणाच्या आधीच मेल टाकून विचारते. नाही म्हणाले तर पाच पॉइंट आणि पिझ्झा, एवढ्यासाठी जाते. दोन तुकडे डब्यात.

ही फ्रॅटर्निटी कोणी घ्यावी? हातात मोकळा वेळ असेल तर डोळे झाकून. नोकरी करून शिकत असाल तर रशमध्येच गैरहजेरीचे नियम मागून घ्या आणि रविवारची शिफ्ट असेल तर आधी ती बदला. पहिल्याच वर्षी घ्या, तिसऱ्या वर्षी घेऊन नुसता बिल्ला मिळतो. पाचात साडेतीन. मंगळवारी विचारलं असतं तर दीड.

अपडेट, शनिवार: दंड भरलेला नाही. इथल्या मीटिंगा रॉबर्ट्स रूल्स या सभेच्या नियमपुस्तकाने चालतात. ठराव मांडायचा, कोणीतरी अनुमोदन द्यायचं, नियमबदल असेल तर आधी सूचना, मग पुढच्या मीटिंगला पडलेल्या मतांपैकी दोन तृतीयांश. प्लेज असताना हे सगळं मला ग्रामपंचायतीची नक्कल वाटायचं. काल रात्री बसून ठराव लिहिला: ‘इंटर्नशिप’ या शब्दापुढे ‘अथवा कॅम्पसवरील सवेतन काम’ हे शब्द घालावेत. इंग्रजीत सहा शब्द. अनुमोदन ट्रेझरर देतो म्हणाला. त्याला हिशेब पटला की माझी कटकट, देव जाणे.

साठही जणांनी मत दिलं तर चाळीस मतं लागतील. आमच्यात कॅम्पसवर काम करणारे मी मोजले, सतरा निघाले. त्यातले सहा जण रविवारी कामावर असतात, म्हणजे मतदानाला येणारच नाहीत. त्यांच्याशी शिफ्टची अदलाबदल करायला लोक शोधते आहे. माझी उद्याची शिफ्ट एका पहिल्या वर्षाच्या मुलीने घेतली, तिला रॅकचा क्रम समजावून झाला. त्या बदल्यात मी तिची बुधवार सकाळ घेतली आहे. बुधवारी ओटमील असतं. तेही वाळलं की निघत नाही, पण निदान ५२ डॉलर जाणार नाहीत.