जुना कोड उलगडताना: डॉक्सिजन की प्लांटयूएमएल?

हजारो क्लासेसचा जुना प्रोजेक्ट गळ्यात पडलेल्या मैत्रिणीचा प्रश्न: कोडची रचना दाखवणारी आकृती अर्धवट येते, टूल बदलू का? थांब जरा.

आकृती तुटणं डॉक्सिजन (कोडवरून माहितीची पानं आणि आलेख बनवणारं टूल) आणि प्लांटयूएमएल (लिहिलेल्या मजकुरातून आकृती काढणारं टूल) दोन्हीकडे आहे, कारणं वेगळी. प्लांटयूएमएल चित्र 4096 पिक्सेलला कापतं. लिमिट साइज ही सेटिंग वाढव, सोबत ते ज्यावर चालतं त्या जावाची मेमरीही, किंवा सरळ एसव्हीजी (पिक्सेलऐवजी रेषांनी बनलेलं चित्र) काढ. डॉक्सिजन 50 नोड्सनंतर (म्हणजे आलेखातल्या चौकटींनंतर) आलेख छाटतं आणि लाल चौकटीने तसं सांगतंही. हा प्रामाणिकपणा मला आवडतो. मर्यादा वाढवता येते, पण मग आलेखाची शेवयांची खीर होते.

मेहनत? डॉक्सिजन कोड स्वतः वाचतं. प्लांटयूएमएलला आकृतीचं वर्णन करणारा मजकूर आपणच पुरवायचा.

अनोळखी कोडमध्ये वाट शोधायची तर डॉक्सिजन. समजलेला एखादा भाग टीमला दाखवायचा तर प्लांटयूएमएल.