अण्णांचं डिस्चार्ज बुक घेऊन गेलेला माणूस

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, १९६८ साली मराठा लाइट इन्फंट्रीत भरती झाले आणि १९९१ ला हवालदार म्हणून पेन्शनवर घरी आले. त्यांच्यासारखा माणूस फसतो, तर कुणीही फसू शकतो. म्हणून जे घडलं ते सगळं लिहिते आहे. अण्णांना विचारूनच लिहिते आहे.

मूळ भानगड आईच्या नावाची. आईचं माहेरचं नाव हौसाबाई. १९७४ ला लग्न झालं, ताटातल्या तांदळात अण्णांनी अंगठीने नाव लिहिलं आणि त्या दिवसापासून ती सुमन झाली. पण लग्नाची नोंद करायला युनिटला जो दाखला गेला, त्यावर गावच्या सरपंचांनी माहेरचंच नाव घातलं होतं. त्यामुळे पलटणीच्या शीट रोलवर, म्हणजे फौजीच्या नोकरीच्या नोंदींवर, हौसाबाई, निवृत्तीला मिळणाऱ्या डिस्चार्ज बुकात हौसाबाई, पीपीओवर, म्हणजे पेन्शनच्या आदेशावर, हौसाबाई. इकडे रेशन कार्ड, आधार, पॅन, बँकेचं पासबुक, सगळीकडे सुमन. आपल्याकडच्या कितीतरी फौजींच्या घरात ही गोष्ट अशीच आहे.

जवळजवळ पन्नास वर्षं यामुळे कुणाचं काही अडलं नाही. पेन्शन बँकेतून निघून स्पर्शवर, म्हणजे संरक्षण खात्याच्या ऑनलाइन पेन्शन यंत्रणेवर, गेली तेव्हा माहिती तपासताना दोन नावं जुळत नाहीत हे समोर आलं. त्याच सुमाराला शेजारच्या गावातले एक माजी फौजी, नाईक हुद्द्याचे, वारले. त्यांच्या बायकोची फॅमिली पेन्शन नावाच्या असल्याच फरकावरून कितीतरी महिने अडून राहिली. त्या मावशी आमच्या ओसरीवर येऊन रडल्या. अण्णांची तेव्हा नुकतीच अँजिओप्लास्टी झाली होती. त्यांनी ते इतकं मनाला लावून घेतलं की रोज एकच विषय : "मी असेपर्यंत हे नाव सरळ झालं पाहिजे."

त्या घाईत तो माणूस भेटला.

फौजी कॅन्टीनच्या गेटबाहेर, चहाच्या टपरीवर. बारीक कापलेले केस, इस्त्रीची पँट, चकचकीत बूट. "जय हिंद हवालदार साहेब, कुठली पलटण?" इथून सुरुवात. स्वतः रेकॉर्ड ऑफिसमधून, म्हणजे फौजींच्या नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयातून, क्लार्क म्हणून रिटायर झालोय म्हणाला. शीट रोल, किंड्रेड रोल (घरच्यांची नोंद), पार्ट टू ऑर्डर (नोंद बदलल्याचा आदेश), कॉरिजेंडम पीपीओ (दुरुस्त पीपीओ), हे शब्द त्याच्या तोंडी सहज होते. अण्णा घरी येऊन आईला म्हणाले, "माणूस आपल्यातला आहे." गावात एखाद्या नातेवाइकाने हजार रुपये मागितले तर दहा प्रश्न विचारणारे अण्णा, फौजी बोली ऐकली आणि एकही प्रश्न न विचारता मोकळे झाले. मला त्यांचा राग येत नाही. तेवीस वर्षं ज्या माणसांच्या भरवशावर जीव टांगला, त्यांच्यातलाच एक समजून त्यांनी याच्यावर विश्वास टाकला.

आधी ३,५०० रुपये, फॉर्मची फी म्हणून. मग ८,००० रुपये, पार्ट टू ऑर्डर काढणाऱ्या "आतल्या माणसाला" द्यायचे म्हणून. शेवटी १२,००० रुपये, प्रयागराजच्या पेन्शन ऑफिसचा चार्ज म्हणून. पहिले रोख, बाकीचे यूपीआयवर, भाच्याच्या फोनवरून. एकूण २३,५००. यातल्या एकाही पैशाची पावती नाही. मला फक्त पहिले साडेतीन हजार माहीत होते. बाकीचं अण्णांनी सांगितलं नाही, कारण दुसऱ्या वेळेलाच त्यांच्या मनात शंका आली होती आणि लेकीसमोर ते कबूल करायची लाज वाटत होती.

पैशांपेक्षा वाईट दोन गोष्टी झाल्या. "व्हेरिफिकेशनला लागतं" म्हणून त्याने मूळ डिस्चार्ज बुक नेलं. आणि स्पर्शचं लॉगिन उघडतो म्हणून ओटीपी मागून घेतला. पुढे कळलं की त्याने तिथला मोबाईल नंबरच बदलला होता. म्हणजे अण्णांच्या पेन्शनबद्दलचा मेसेज आता अण्णांना येणारच नव्हता.

चार महिने "साहेब रजेवर आहेत", "फाईल टेबलावर आहे" असं चाललं. मग एक दिवस त्याने पार्ट टू ऑर्डरची झेरॉक्स आणून दिली. वर मोठा शिक्का, खाली सही, मध्ये आईचं नाव बरोबर : सुमन. आईने देवापुढे साखर ठेवली.

मी त्या शनिवारी कराडहून गावी गेले होते. अण्णा भिंग घेऊन तो कागद वाचत बसले होते. वाचता वाचता थांबले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग कागद माझ्याकडे सरकवून म्हणाले, "हा माझा नंबर नाही."

आर्मी नंबरच्या शेवटी एक इंग्रजी अक्षर असतं. अण्णांच्या नंबरला एम आहे, कागदावर एन होतं. आकडे सगळे बरोबर होते. मी म्हटलं, टाइप करताना चुकलं असेल. अण्णा म्हणाले, "तेवीस वर्षं पगार या नंबरावर घेतलाय. रेकॉर्डवाला माणूस अक्षर चुकत नाही." त्यांचा हात थरथरत होता. मला भीती वाटली की पुन्हा छातीत दुखायला लागेल.

सोमवारी मी रजा टाकली आणि त्यांना घेऊन साताऱ्याला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात गेले. तिथल्या बाईंनी कागद हातात घेतल्या घेतल्या विचारलं, "किती दिले?" त्या महिन्यात असा कागद घेऊन आलेले आम्ही पहिले नव्हतो. एक काका तर महार रेजिमेंटचे होते. त्यांनाही तो "बेळगावला माझी ओळख आहे" म्हणाला होता. महारचं रेकॉर्ड ऑफिस मध्य प्रदेशात सागरला आहे, मराठाचं बेळगावला, तोफखान्याचं नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सचं, म्हणजे फौजेतल्या इंजिनिअर पलटणीचं, खडकीला. ज्याची त्याची पलटण, ज्याचं त्याचं रेकॉर्ड. एका ओळखीवर सगळ्यांची कामं करून देतो म्हणणारा माणूस खोटा आहे, हे तिथेच ओळखायला हवं होतं.

मग त्या बाईंनी खरी रीत समजावली. आम्हाला सांगितलेलं असं : हौसाबाई आणि सुमन ही एकच व्यक्ती आहे असं प्रतिज्ञापत्र, वर्तमानपत्रातली जाहिरात, आईचं आधार, पॅन आणि पासबुक, दोघांचा जॉइंट फोटो, पीपीओ आणि डिस्चार्ज बुकाच्या झेरॉक्स, आणि अण्णांचा अर्ज. हे सगळं तपासून सैनिक कार्यालय आपल्या पत्रासह रेकॉर्ड ऑफिसला पाठवतं. रेकॉर्ड ऑफिस पार्ट टू ऑर्डर काढतं, त्यावरून पीपीओची दुरुस्ती होते. यात सैनिक कार्यालयाची फी नाही, रेकॉर्ड ऑफिसची नाही, पेन्शन ऑफिसची नाही. नोटरी, जाहिरात, फोटो, झेरॉक्स आणि स्पीड पोस्ट मिळून आमचे अडीच हजारही लागले नाहीत. प्रत्येक केसला कागद थोडे वेगळे लागू शकतात, म्हणून माझी यादी पाहून कागद जमवू नका, आधी आपल्या जिल्ह्याच्या कार्यालयात जाऊन विचारा. पण मूळ डिस्चार्ज बुक पुढे हाती परत आल्यावरही आमच्याकडून कुणी ठेवून घेतलं नाही. मूळ फक्त दाखवायचं आणि परत घ्यायचं.

मोबाईल नंबर पूर्ववत करायला स्पर्श सेवा केंद्रात गेलो. तिथे अण्णांचा अंगठा लागला, आधार लागलं, काम झालं. पेन्शन दुसऱ्या खात्यात वळली नव्हती, ही देवाची कृपा. सायबर हेल्पलाइन १९३० वर फोन केला, तिथे तक्रार घेतली. पण पैसे जाऊन चार महिने होत आले होते. पैसे गेल्या गेल्या फोन केला तर ते पुढच्या खात्यात अडवता येतात, इतक्या उशिरा काय अडवणार? यूपीआयचे मेसेज भाच्याच्या फोनवर होते म्हणून निदान पुरावा तरी राहिला. रोख दिलेल्याचा काहीच नाही.

पोलीस ठाण्यात अण्णा यायला तयार नव्हते. "गावात काय तोंड दाखवू?" आई कधी त्यांच्यापुढे मोठ्याने बोलत नाही, त्या दिवशी बोलली. "अहो, चोरी त्यानं केली. तोंड त्यानं लपवायचं." मग अण्णा उठले, मेडल लावायचा कोट काढला, तो घालून ठाण्यात आले. आमचं पाहून आणखी पाच घरं पुढे आली. तिघांनी तर बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं.

पोलिसांनी बोलावल्यावर त्या माणसाने डिस्चार्ज बुक आणून दिलं. एका कोपऱ्यावर चहाचा डाग, बाकी ठीक. तो रेकॉर्ड ऑफिसमध्ये कधीच नव्हता, हे तिथे कळलं. पैसे परत आले नाहीत. तक्रार अजून चालू आहे.

अर्ज गेल्यापासून सात महिन्यांनी दुरुस्त पीपीओ आला. अण्णांनी आधी नंबराचं शेवटचं अक्षर पाहिलं, मग आईचं नाव. आईला वाचता येतं, पण तिने मलाच वाचायला लावलं, दोनदा.

आता महिन्याच्या कॅन्टीनच्या दिवशी अण्णा सामान घेतल्यावर लगेच निघत नाहीत. त्याच टपरीवर तासभर बसतात. खिशात तो खोटा कागद घडी करून ठेवलेला असतो. बायकोच्या नावाचं, जन्मतारखेचं काम आहे असं कुणी बोललं की ते कागद काढून समोर धरतात आणि सैनिक कार्यालयाचा रस्ता सांगतात.