आईच्या गुडघ्यासाठी अ‍ॅक्युपंक्चर, ठाण्यातला अनुभव

आईचा गुडघा दोन वर्षं दुखतोय. एक्स-रेत झीज दिसली, हाडांचे डॉक्टर म्हणाले वजन कमी करा, मांडीचे व्यायाम करा, ऑपरेशनची घाई नाही. पण रात्री कूस बदलली तरी कळ यायची तिला, मग शेजारच्या काकूंनी अ‍ॅक्युपंक्चर सुचवलं, म्हणजे अंगात बारीक सुया टोचून करायचा उपचार, आणि आठवडाभर घरात तोच विषय, करायचं की नाही.

पहिल्या ठिकाणी सुया ट्रेमध्ये आधीच उघड्या काढून ठेवलेल्या, विचारलं तर "स्वच्छ आहेत हो ताई" एवढंच, आणि वर बीपीची गोळी हळूहळू बंद करू म्हणे! तिथूनच परत फिरलो.

दुसरं क्लिनिक स्टेशनजवळ, पहिल्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही, गुडघ्याच्या पेशंटला हा त्रासच आहे. पण भिंतीवर नोंदणीचं सर्टिफिकेट लावलेलं. महाराष्ट्रात अ‍ॅक्युपंक्चरसाठी 2015 चा कायदा आहे, तेव्हा नोंदणी विचारायला अजिबात लाजू नका. मॅडमनी आधी विचारलं रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, पेसमेकर आहे का, कारण काही सुयांना मशीनने हलका करंट देतात. पाकीट आमच्यासमोर फोडलं. सुई इंजेक्शनसारखी पोकळ नसते, खूपच बारीक असते. काही गुडघ्याभोवती, एक गुडघ्याखाली चार बोटांवर नडगीच्या बाहेरच्या अंगाला. आई डोळे घट्ट मिटून माझा हात धरून बसलेली, मग म्हणाली अगं मुंगी चावल्यासारखं झालं, आता नुसतं जड जड वाटतंय. वीस मिनिटांनी सुया काढून सरळ कचऱ्याच्या डब्यात टाकल्या.

सहा सिटिंग झाल्या, 600 रुपये एकीचे. तिसरीनंतर रात्रीची झोप लागायला लागली, जिना मात्र अजून दुखतोच. आता हे सुयांनी की त्याच वेळी सुरू केलेल्या व्यायामाने, मला खरंच सांगता येणार नाही. कुठला उपचार द्यावा याचं डॉक्टरांना मार्गदर्शन करणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेने 2021 मध्ये काही जुनाट दुखण्यांसाठी अ‍ॅक्युपंक्चरचा विचार करा म्हटलं, पण 2022 मध्ये सांध्यांच्या झिजेसाठी देऊ नका असं स्पष्ट लिहिलं, कारण खोट्या सुयांशी, म्हणजे पेशंटला नुसतं उपचार केल्यासारखं भासवून, तुलना केली तर फरक फारसा उरत नाही. झीज भरून येईल असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका, आमच्या मॅडमनी स्वतःच पहिल्या दिवशी हे सांगितलं आणि म्हणून मला त्या पटल्या.

आईला झोप मिळतेय म्हणून अजून चार घेतोय, व्यायाम आणि गोळ्या चालूच. त्यानंतरही जिना तसाच राहिला तर थांबायचं, हे मॅडमशी आधीच बोलून ठेवलंय. जाणार असाल तर सकाळी जा, संध्याकाळी तासभर बसावं लागतं.