एलनॅव : लिनक्सचे लॉग वाचायचे असतील तर हे टाकाच

लिनक्सवर काही बिघडलं की सगळे म्हणतात आधी लॉग बघ, म्हणजे सिस्टमने आपोआप लिहून ठेवलेल्या नोंदी, पण ते बघायचे कसे हे फार कमी जण सांगतात. व्हार-लॉग फोल्डरमध्ये गेलं की सिसलॉग, ऑथ लॉग, कर्नल लॉग, परत त्यांच्या जुन्या फाइल्स जीझिप करून ठेवलेल्या. ग्रेप, म्हणजे फाइलमध्ये शब्द शोधायची कमांड, मारून काम भागतं, नाही असं नाही, पण एलनॅव हे लॉग वाचायचं टूल वापरायला लागल्यापासून मला परत तिकडे जावंसं वाटत नाही.

टर्मिनलमध्येच चालतं, फुकट आहे, ओपन सोर्स आहे. सगळ्यात भारी म्हणजे चार फाइल्स एकदम दिल्या तरी सगळ्यांच्या ओळी वेळेप्रमाणे एकत्र लावून दाखवतं. आता याने काय होतं, समजा साइट बंद पडली, एनजिनएक्स या वेब सर्व्हरच्या एरर लॉगमध्ये नुसतं एवढंच दिसतं की मागच्या ॲपने कनेक्शन नाकारलं, त्यावरून काहीच कळत नाही, पण इथे त्याच्या थोडं वर कर्नलची, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याची, आउट ऑफ मेमरीची ओळ दिसते आणि लक्षात येतं की रॅम संपली म्हणून कर्नलनेच ते ॲप मारलं होतं. नवीन लोक लाल ओळ दिसली की तीच गूगल करत बसतात, आणि खरा घोळ झालेला असतो तिच्या आधी, बऱ्याचदा दुसऱ्याच फाइलमध्ये.

बाकी ई दाबलं की पुढची एरर, शिफ्ट धरून ई दाबलं की मागची. आय दाबलं की कुठल्या वेळात किती एरर आल्या त्याचा चार्ट येतो. जीझिप फाइल्स वेगळ्या सोडवाव्या लागत नाहीत. एसक्यूएल ही डेटाबेसची भाषा येत असेल तर लॉगवर थेट क्वेरी पण मारता येते, हे तर मला फारच आवडलं.

खटकणारी गोष्ट एकच, सिस्टमडी (लिनक्सवरच्या सर्व्हिसेस सांभाळणारा प्रोग्रॅम) स्वतःचे लॉग ज्यात ठेवतो ते जर्नल साधा मजकूर नसून बायनरी असतं, त्यामुळे ते वाचणाऱ्या जर्नलसीटीएल कमांडचं आउटपुट एलनॅवला पाइप करून, म्हणजे थेट जोडून, द्यावं लागतं, आणि 2023 च्या डेबियन 12 पासून सिसलॉगची फाइल लिहिणारा आरसिसलॉग आपोआप येत नाही म्हणजे ती फाइलच सापडत नाही, तिथे हा पाइप रोजच लागतो. पाइप करताना जर्नलसीटीएलला मायनस बी देऊन चालू बूटपुरतंच, म्हणजे मशीन शेवटचं सुरू झाल्यापासूनचंच, घ्या, नाहीतर महिन्यांचा ढीग येतो. आणि आपला युजर एडीएम या लॉग वाचायची परवानगी असलेल्या ग्रुपमध्ये टाकून ठेवा, दरवेळी सुडो, म्हणजे ॲडमिनचे हक्क, लागणार नाही.